जिभेखालचे तेल

सोमवार, ५ सप्टेंबर २०२२
ग्रेटर फरीदाबाद

रुग्णालयाने माझ्या मोबाइलमध्ये एक ॲप बसवून दिले आहे. त्यात रोज संध्याकाळी आठ वाजता कंबरेच्या दुखण्याला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा द्यायचा. शून्य म्हणजे दुखणे नाही. दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढे. आकड्याशेजारी शेऱ्याचा रकाना नाही. मी चौतीस वर्षे केंद्र सरकारच्या चाचणी-प्रयोगशाळेत इस्त्र्या, गिझर आणि पाणी तापवण्याच्या कांड्या तपासल्या. शेऱ्याशिवाय आकडा ही निव्वळ अफवा होय, असे मी हाताखालच्यांना सांगत असे. तेव्हा शेरे या वहीत लिहीन.

चाचणी अशी. कॅनाबिडिऑल नावाचे द्रव्य गांजाच्या झाडापासून काढतात, परंतु त्याने नशा येत नाही. ते तेलात मिसळून सकाळ-संध्याकाळ जिभेखाली थेंबांनी घ्यायचे. मुदत दहा आठवडे. निम्म्या लोकांच्या बाटलीत औषध, निम्म्यांच्या बाटलीत नुसते तेल. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि डॉक्टरांनाही. पद्धत निर्दोष आहे. चव खोबरेलाची.

मी यात का पडलो, तेही नोंदवून ठेवतो. १३ नोव्हेंबरला, कार्तिक वद्य पंचमीस, मीनाक्षीचे वर्षश्राद्ध येते. आम्हांस एकच कन्या. त्यामुळे पत्नीचा विधी मलाच करायचा. गुरुजींच्या सांगण्याप्रमाणे पाटावर मांडी घालून दोन-अडीच तास बसावे लागेल. सध्या मला मांडी घालून भात कालवून होईपर्यंतही बसवत नाही. तेवढ्यासाठी हे तेल.

आकडा : सात.

मंगळवार, ६ सप्टेंबर

कालच्या मुलाखतीचा वृत्तान्त राहिला. चाचणीच्या प्रमुख डॉ. क्षिप्रा दिघे या वयाने तरुण, इंदूरकडच्या मराठी. त्यांनी विचारले, "काका, दुखणं कधीपासून?"

"गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून."

"काही जड उचललं होतं का?"

"हो."

"काय?"

मी सांगितले की आरंभी एकसष्ट किलो. नंतर बावन्न. अखेरीस अडतीस.

त्यांची बोटे टंकता टंकता थांबली. मी खुलासा केला, "पत्नी. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून स्नानगृहात आणि परत. वजन कमी होत गेले, दुखणे मात्र वाढत गेले. याचा मेळ मला अद्याप बसलेला नाही."

डॉ. क्षिप्रा पडद्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, पाणी घेता का थोडं?" मला तहान नव्हती. तरी घेतले.

पुढे प्रश्न होता : झोपायची गादी कठीण, मध्यम की मऊ? मी 'मध्यम' म्हणालो. शेवटी त्यांनी एक नियम समजावून दिला. चाचणी चालू असेतो राहणीमानात काहीही बदल करायचा नाही. व्यायाम नवा नको, गादी नवी नको, आहे ते आहे तसेच. हा नियम मला फार आवडला.

आकडा : सात.

शनिवार, १० सप्टेंबर

चि. देवयानी गुडगावहून आली. ती तेथे एका विमा कंपनीत आहे. आल्याबरोबर शयनगृहात गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, हा भाड्याचा हॉस्पिटल बेड अजून इथेच? एजन्सीवाला मला फोन करतोय, मॅडम, उठवा लें क्या. एक वर्ष होत आलं, बाबा."

"चाचणी चालू आहे. राहणीमानात बदल करता येत नाही."

"बेड हलवणं म्हणजे राहणीमानात बदल?"

"नियम तसा आहे. डॉक्टरांना विचार."

"आणि तुम्ही सोफ्यावर झोपता, ते चालतं? बाबा, सोफा टू-सीटर आहे. तुम्ही पाच फूट अकरा आहात. पाय कुठे ठेवता?"

"हातावर."

"कुणाच्या?"

"सोफ्याच्या."

ती हसली, आणि मग हसणे थांबवून स्वयंपाकघरात गेली. तेथून तिने विचारले, "डॉक्टरना माहीत आहे का हे, सोफ्याचं?" मी म्हणालो की त्यांनी विचारलेले नाही. उत्तर वस्तुस्थितीस धरून होते.

जाताना म्हणाली, "पाटावर नाही बसता आलं तर मी बसेन. आजकाल मुली बसतात." मी तिला सांगितले की चाचणीचा निष्कर्ष चाचणीआधी काढायचा नसतो.

आकडा : सात.

बुधवार, १४ सप्टेंबर

विशेष काही नाही. सात.

सोमवार, १९ सप्टेंबर

पहिली तपासणी. बाहेर बाकावर एक गृहस्थ बसले होते. डोक्याला पांढरी टोपी, पायांत मुलाने टाकून दिले असावेत असे भडक बूट. मला आपादमस्तक पाहून म्हणाले, "महाराष्ट्रातलं दिसता. गांजाला आलात काय?"

मी सांगितले की मी संशोधनात सहभागी आहे.

"त्येच की. मीबी."

हे हणमंतराव वाघमोडे. मूळचे बार्शीकडचे, एक्क्याऐंशी साली येथील ट्रॅक्टरच्या कारखान्यात लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. चाळीस वर्षे हरियाणात काढूनही त्यांची मराठी गावचीच राहिली आहे. मधूनमधून हिंदी शिरते. आपल्याला खरे औषधच मिळाले आहे, अशी त्यांची खात्री आहे.

"कशावरून?" मी विचारले.

"परवा दुपारी जरा डोळा लागला, तर आमचा मेलेला बैल आला. चांगला बोलला माझ्याशी."

"काय म्हणाला?"

"म्हणला, हणमंता, कंबर कशी हाय?"

या द्रव्याने नशा येत नाही, हे मी त्यांच्या निदर्शनास आणले.

"मंग बैल कशानं आला?"

निघताना त्यांनी माझा मोबाइल क्रमांक मागितला. देण्याचे कारण नव्हते. दिला.

आकडा : सात.

शनिवार, २४ सप्टेंबर

आज सकाळी पाटावर बसण्याचा सराव केला. हा नवा व्यायाम ठरतो काय, याचा आधी विचार केला. धार्मिक कृत्याची रंगीत तालीम ही व्यायामात मोडत नाही, असा निर्णय घेतला.

मांडी घातली. आचमनाच्या पंचपात्राच्या जागी घरातील फुलपात्र ठेवले. केशवाय नमः, नारायणाय नमः येथपर्यंत ठीक चालले. माधवाय म्हणताना कंबरेत कळ आली आणि मी उजव्या कुशीवर कलंडलो. उठता येईना. मोबाइल सोफ्यावर होता. कामाला येणारी बाई दहाला येते, तिच्याजवळ किल्ली असते. तोपर्यंत पडून राहिलो.

त्या स्थितीत सोफ्याची खालची बाजू दिसते. लाकूड दुय्यम दर्जाचे आहे. ब्याण्णव-त्र्याण्णवनंतर बाजारात अशा वस्तूंचा पूर आला. प्रयोगशाळेत आम्ही शंभरातल्या चाळीस परत पाठवत होतो, पण फर्निचर आमच्या कक्षेत नव्हते. सोफ्याखाली मीनाक्षीचा केसांचा एक आकडा पडलेला दिसला. हात पोचत होता. जागेवरच ठेवला.

बाई आली ती ओरडली, "हाय राम, साहब!" मी तिला म्हणालो की काही झालेले नाही, केर नेहमीप्रमाणे काढावा. तिने माझ्याभोवतीने केर काढला आणि मग उठवले.

आकडा : आठ. संध्याकाळपर्यंत सात.

सोमवार, ३ ऑक्टोबर

दुसरी तपासणी. हणमंतराव आधीच येऊन बसले होते. त्यांची खात्री आता डळमळली आहे. बैल पुन्हा आला नाही.

"साहेब, एक काम करू," ते आवाज खाली आणून म्हणाले. "तुमची बाटली, माझी बाटली, एका पातेल्यात. हलवायचं आन् निम्मं-निम्मं. कुणाच्या तरी बाटलीत आसंलच की."

"आणि दोन्हींत नुसते तेल असेल तर?"

"मंग भजी तळू."

मी त्यांना शांतपणे समजावले की नमुन्यात मिसळ करणे हा चाचणीतला सर्वांत मोठा अपराध होय. शहाण्णव साली एका कंपनीच्या प्रतिनिधीने रात्रीतून नमुन्याची इस्त्री बदलली होती. मी ती वरची तापमानाची चकती पाहून ओळखली आणि साऱ्या कंपनीचा परवाना अडवला. ते ऐकून हणमंतराव म्हणाले, "आवो, पर इस्त्रीची कंबर दुखत नव्हती."

माझा नकार ठाम होता. डॉ. क्षिप्रांना हा प्रस्ताव कळवणे माझे कर्तव्य होते. आत गेल्यावर कळवला नाही. का, ते सांगता येत नाही.

घरी आल्यावर बाटली खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. डोळ्यांनी काही कळत नसते, हे मला चौतीस वर्षे ठाऊक आहे. बराच वेळ पाहिली. श्राद्धाला सहा आठवडे राहिले आहेत आणि मला अजून माधवायपर्यंतच जमते. पातेल्याचा विचार मनात आला नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल.

आकडा : सात.

रविवार, ९ ऑक्टोबर

दुपारी फाटकावरून सुरक्षारक्षकाचा फोन : "सर, कोई हनुमंत जी आए हैं, बोल रहे हैं भाकरी लाए हैं।" आत सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

हणमंतरावांनी पत्नीने केलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. घर पाहिले. शयनगृहाच्या दारात थांबले. पलंगाची चादर मी दर रविवारी बदलतो, आज ती नुकतीच बदललेली होती. हणमंतरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "चला, जरा कालव्याकडं चक्कर मारू. बसून बसून लाकूड झालंय."

चालणे हा नवा व्यायाम आहे, असे मी म्हणालो.

"चालणं कवापासून नवं झालं? आदी चालत नव्हता काय?"

पूर्वी मी व मीनाक्षी कालव्याच्या रस्त्याने रोज जात असू, तेव्हा तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होते. गेलो. त्यांनी वाटेत ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सविषयी जी माहिती दिली, ती माझ्या समजुतीप्रमाणे बरीचशी चुकीची होती. मी दुरुस्त्या केल्या. त्यांनी त्या मान्य केल्या नाहीत. परत येताना अंधारून आले होते.

आकडा : सात.

सोमवार, २४ ऑक्टोबर

दिवाळी. दुखवट्याच्या वर्षात घरात पणत्या लावायच्या नाहीत, फराळ करायचा नाही. तो दुसऱ्यांनी आणून द्यायचा. समोरच्या इमारतीवर इतक्या चिनी माळा आहेत की आमच्या दिवाणखान्यात दिवा लावण्याची गरज पडली नाही.

लिफ्ट बंद होती. हणमंतराव फराळाचे दोन डबे घेऊन खाली उभे होते आणि चार मजले चढायला तयार नव्हते. मी खाली गेलो, डबे घेतले, पिण्याच्या पाण्याचा मोठा जारही तेथेच पडला होता तो उचलला आणि वर आलो. हणमंतराव मागून आले.

"साहेब, तुमाला खरं औषद मिळालंय."

"कशावरून?"

"तुमी जार उचलून चढलात."

"जार चढवणे आवश्यक होते," मी म्हणालो. पाणी संपले होते.

आकडा : सात.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

ग्रहण. खंडग्रास. सात.

रविवार, ३० ऑक्टोबर

हणमंतरावांकडे जेवायला गेलो होतो. जुन्या फरीदाबादेत त्यांचे दोन खोल्यांचे घर आहे. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई बोलायला तिखट. मी दारात पादत्राणे काढीत असताना आतून म्हणाल्या, "या भावोजी. आमचे हे सांगत हुते, एक साहेब हाय, इस्त्रीला फाशी देतो."

जेवण झाल्यावर सतरंजीवर मेंढीकोट मांडला. मी आणि पार्वतीबाई एका बाजूस, हणमंतराव व त्यांचा शेजारी दुसऱ्या बाजूस. मी पदवीच्या वर्षानंतर पत्ते खेळलो नव्हतो. पहिले तीन डाव आम्ही हरलो. चौथ्यात हणमंतराव खाणाखुणा करतात असे माझ्या लक्षात आले आणि मी हरकत घेतली. पार्वतीबाई म्हणाल्या, "भावोजी, हरकत काय घेताय? तुमीबी करा की खुणा! मी कवापास्नं नाक खाजवतीय."

चहा आला तेव्हा बाहेरचे ऊन भिंतीवरून गेलेले होते. मी तोवर सतरंजीवरच होतो. एकूण नऊ डाव हरलो.

आकडा : सात.

शुक्रवार, ४ नोव्हेंबर

शेवटून दुसरी तपासणी. हवा इतकी खराब आहे की दिल्लीत लहान मुलांच्या शाळा बंद ठेवणार आहेत. देवयानीने मला एकटे जाऊ दिले नाही. रजा घेऊन गाडीने नेले.

डॉ. क्षिप्रांनी वाकायला सांगितले. सप्टेंबरात माझी बोटे गुडघ्याशी थांबत. आज घोट्याला लागली. त्यांनी नोंद केली, मग ॲपमधले माझे आकडे पडद्यावर उघडले. तेथे एक सरळ रेघ होती.

"काका, झोप कशी आहे?"

मी उत्तर देण्यापूर्वी देवयानी म्हणाली, "डॉक्टर, बाबा वर्षभर सोफ्यावर झोपतायत. टू-सीटर."

डॉ. क्षिप्रा माझ्याकडे वळल्या. "तुम्ही गादी मध्यम म्हणाला होतात."

"मध्यमच आहे. सोफ्याची."

"घरी पलंग नाहीये?"

"आहे. तो मीनाक्षीचा आहे."

देवयानी उठून खिडकीशी गेली. खिडकीतून धुराखेरीज काही दिसत नव्हते. ती बराच वेळ तेच पाहत होती.

मी विचारले की ही माहिती न दिल्यामुळे मी चाचणीतून बाद होतो काय. प्रयोगशाळेत तसा नमुना आम्ही बाद केला असता.

"नाही हो काका," डॉ. क्षिप्रा म्हणाल्या. "आमच्यात तसं नसतं. एकदा गटात नाव आलं की माणूस शेवटपर्यंत त्याच गटात मोजायचा. औषध चुकवलं तरी, मधेच सोडून गेला तरी. आलेल्या प्रत्येकाला मोजायचं."

"मधेच सोडून गेला तरीही?"

"तरीही."

हे मला नवीन होते. इस्त्रीच्या बाबतीत असे नसते.

मी बूट घालू लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, आत्ता तुम्ही वाकून नाडी बांधलीत. दुखलं?"

"नाडी बांधणे प्रश्नावलीत नाही."

"म्हणून मी विचारतेय."

विचार केला. "लक्ष नव्हते," मी म्हणालो.

"सात दुखत असेल ना काका, तर लक्ष जातंच." आवाजात आरोप नव्हता. "मला कमी आकडा नकोय, जास्त नकोय. खरा हवाय फक्त."

परतीच्या वाटेवर देवयानी म्हणाली, "नाहीच जमलं बाबा, तर मी बसते. गुरुजींना विचारलंय. बिल्कुल चालेल म्हणाले."

"अजून अवधी आहे."

"तुम्हाला जमावंसं वाटतंय का पण?"

मी म्हणालो, प्रश्न नीट विचार. ती म्हणाली, नीटच विचारलाय.

एखादे उपकरण दिवसेंदिवस एकच आकडा दाखवू लागले, तर काटा अडकला आहे असे समजावे. हे आम्ही नव्या मुलांना पहिल्याच महिन्यात शिकवत होतो. काटा अडकल्याचे काट्याला कळत नाही.

आकडा : सात. लिहिताना थांबलो होतो.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

एजन्सीवाल्यास फोन केला. त्याने उचलला नाही. पुन्हा केला नाही. सात.

शनिवार, १२ नोव्हेंबर

उद्या श्राद्ध. देवयानीने साहित्य आणून ठेवले : काळे तीळ, दर्भ, पळसाची पाने, आमसुले. जावई अमोल उद्या सकाळी तिच्याबरोबर येईल. विधी संपल्यावर मला उचलून उभे करायचे असे ठरले आहे. उजवीकडून अमोल, डावीकडून हणमंतराव. हणमंतरावांची कंबर माझ्याइतकीच कामातून गेलेली आहे, हे मी देवयानीला सांगितले. ती म्हणाली, "ते स्वतःहून म्हणाले, बाबा. मी पट्टा बांधून येतो म्हणाले."

आठ वाजले म्हणून मोबाइल हातात घेतला आणि जमीन हलली. टांगलेला दिवा हेलकावे घेऊ लागला. खाली कोणीतरी "भूकंप, भूकंप" म्हणून ओरडले.

मी सोफ्यावरून उठलो आणि शयनगृहात गेलो. पलंगाशी वाकलो, एक हात पाठीच्या जागी आणि एक हात गुडघ्यांच्या जागी चादरीखाली घातला, आणि उचलण्यासाठी श्वास रोखला. मग आठवले.

तसाच काही वेळ वाकून होतो. दिवा थांबला होता.

नंतर जिन्याने खाली गेलो. सारी सोसायटी बागेत जमली होती. मुलांना मजा वाटत होती. कोणीतरी मला म्हणाले, "अंकल जी, आप सीढ़ियों से आए? कमर?" मी म्हणालो, ठीक आहे. लिफ्ट बंद ठेवली होती म्हणून जिन्यानेच वर आलो.

ॲपने तीनदा आठवण केली. आकडा भरला नाही. दहा आठवड्यांत हा पहिला नागा.

रविवार, १३ नोव्हेंबर

गुरुजी करोल बागेहून मेट्रोने आले. वयाने माझ्याहून बरेच लहान. मला पाहून म्हणाले, "काका, खुर्ची घ्या. आता सगळेच घेतात. शास्त्राची हरकत नाही." मी म्हणालो, पाट घालावा.

जानवे अपसव्य करून बसलो. देवयानी शेजारी बसून तीळ आणि पाणी हातावर घालत होती. गुरुजी दर वेळी मीनाक्षीचे नाव आणि गोत्र माझ्याकडून म्हणवून घेत. या घरात ते नाव उच्चारून आता वर्ष झाले होते. घरात एकटा माणूस कोणाचेच नाव मोठ्याने घेत नाही. पहिल्या वेळी गोत्र म्हटले, नाव राहिले. गुरुजी थांबले. दुसऱ्यांदा नीट म्हटले. पुढे ते इतक्या वेळा म्हणावे लागले की शेवटी ते नेहमीसारखे येऊ लागले, ती आतल्या खोलीत असताना हाक मारावी तसे.

माधवाय केव्हा मागे पडले ते समजले नाही. भाताचे पिंड, दर्भ, पुन्हा पाणी. पायांना मुंग्या आल्या. कंबर दुखली नाही. वाट पाहिली, तरी दुखली नाही.

"झालं, काका," गुरुजी म्हणाले. "वर्ष पूर्ण झालं. उठा सावकाश."

अमोल आणि हणमंतराव आधीच मागे येऊन उभे होते. हणमंतरावांनी सदऱ्यावरून पट्टा आवळला होता.

मी उठू शकत होतो. याविषयी मला शंका नव्हती. एक हात जमिनीला टेकून मी सरळ उभा राहिलो असतो. तसे सांगण्यासाठी तोंड उघडले आणि सांगितले नाही. त्यांनी काखेत हात घातले.

"साहेब, आंग सोडा," हणमंतराव कानाशी म्हणाले. "ताठ ऱ्हायलात तर आमचं मोडंल."

अंग सोडले. त्यांच्या सदऱ्याला खोबरेलाचा दाट वास येत होता. त्यांनी आपली बाटली जिभेखाली न घेता कंबरेला चोळून संपवली असावी. हे डॉ. क्षिप्रांना कळवावे लागेल. जमिनीपासून सुटताना एक क्षण माझा भार माझ्याकडे नव्हता. मी म्हणालो, "कमरेला जपा हो."

मग बाकीचे जेवायला बसले आणि मी शयनगृहात जाऊन पलंगाच्या कडेला टेकलो. पलंग चांगला आहे. कुरकुरत नाही.

मीनाक्षी दर वेळी हेच म्हणत असे, "कमरेला जपा हो." अगदी आरंभी, मे-जूनमध्येही, जेव्हा मी स्वयंपाकघरात असताना ती भिंत धरून खिडकीपर्यंत जाऊन आल्याचे मला नंतर कळे. मी आलो की ती पलंगावर असे आणि हात पुढे करी. मी उचलले की मान माझ्या खांद्यावर टाकून देई. त्या महिन्यांत तिला स्वतःहून उठता येत असावे, अशी शंका मला आज प्रथमच आली.

मान टाकण्याची ती गोष्ट मी तेव्हा अशक्तपणाचे लक्षण म्हणून तिच्या डॉक्टरांना दर आठवड्यास कळवीत असे. ते कळवणे चुकीचे होते.

आठ वाजता आकडा भरला. दोन.